जीप ज्यांनी ओळखली

भाभी,

तुम्ही गेल्याचं मला मशिदीच्या भोंग्यावरून कळलं. सकाळचे आठ-साडेआठ झाले असतील. मी ओट्यावर पेपर घेऊन बसलो होतो. नेरमध्ये कोणी गेलं की भोंग्यावर सांगतातच, म्हणून अर्धा कान तिकडे होता. “करीम मिस्त्री मरहूम की अहलिया, शबाना टीचर की वालिदा...” एवढं ऐकूनही मी पेपरातली पुढची ओळ वाचत होतो. करीम मिस्त्रींची अहलिया, म्हणजे बायको, ती कोण, हे डोक्यात शिरायला वेळ लागला. तेवढ्यात बायको आतून ओली भांडी हातात घेऊनच बाहेर आली. “अवो, ऐकलं का? आपल्या भाभी गेल्या ना!” तेव्हा कुठे मी उठलो.

त्याला आज सतरा दिवस झाले. लोक गेलेल्या माणसाविषयी बरं बरं बोलतात आणि मोकळे होतात. मला ते जमत नाही. मला दुःख झालं की मी चिडतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. सध्या मी घरात सगळ्यांवर चिडतोय. थोडा तुमच्यावरही, की एकदा तोंड उघडून मला चार शब्द का सुनावले नाहीत. बाकी सगळा राग माझ्यावर आहे, आणि तो का आहे ते सांगायलाच हे लिहायला बसलोय. समोर बसून सांगायचं धाडस झालं नाही.

बावीस वर्षांपूर्वी मी तुमच्या वर्कशॉपमध्ये आलो ते वडिलांची जीप ओढून घेऊन. महायुद्धात बनलेली, लष्कराने मोडीत काढलेली ती जीप वडिलांनी शेतीसाठी घेतली होती. कापसाची गाठोडी, खताची पोती, बाळंतीण, सगळं तिनं वाहिलं. वडील गेल्यावर ती गोठ्याशेजारी उभी राहिली आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या. मला मध्येच जुन्या गाड्यांचं वेड लागलं. दोन-चार इंग्रजी मासिकं चाळली आणि मी स्वतःला जाणकार समजायला लागलो. करीमभाईंना मी आल्या आल्या ऐकवलं, की पुढची जाळी गावठी आहे, कुठल्यातरी वेल्डरने लोखंडी पट्ट्या जोडून केलेली. खरी जाळी अखंड पत्र्याची, साच्यात दाबून काढलेली असते. ती मी नागपूरच्या भंगारातून आणलीच होती. करीमभाईंनी जुनी जाळी उतरवून मागे धुवायला दिली, आणि तिच्या पट्ट्या कापून घ्यायला ते हातात छन्नी घेऊन तयार. त्यांचं तत्त्व सरळ होतं, गाडी चालली पाहिजे.

मागच्या अंगणाच्या दाराला गोणपाटाचा पडदा होता. त्याच्या आडून आवाज आला, “अवो, थांबा जरा. कापू नका थे.”

“तू धू ना तुह्यं,” करीमभाई म्हणाले.

“धुतलं म्हनूनच सांगून राह्यली. मास्तर, इकडून या. मागून पाहा.”

मी पडद्यापलीकडे आलो. तुम्ही पाटावर बसला होता, समोर रॉकेलचं घमेलं, कोपरापर्यंत हात काळे, आणि बाजूला माझी जाळी पालथी घातलेली. तुम्ही ब्रशच्या टोकाने एकेक जोड दाखवला. “गावातला वेल्डर रंगवलेल्या पट्टीवरच जोड मारते. मंग बाजूचा रंग जयते, फोड येते. इथं पाहा. रंग जोडाच्या वरून गेला हाये. म्हनजे आधी जोडली, मंग रंगवली. आन् सगळे जोड एकाच मापाचे. आपल्या गावात कोन करते बाप्पा असं? हे कारखान्याचं काम हाये.”

मी शहाण्यासारखं म्हणालो, की मासिकातल्या फोटोत तर अशी जाळी नाही.

“फोटो समोरून काहाडतेत,” तुम्ही म्हणालात. “समोरून सगळंच सारखं दिसते, मास्तर.”

करीमभाईंनी छन्नी खाली ठेवली ती माझ्यावर उपकार म्हणून. दोन महिन्यांनी मी मागवलेलं जाड पुस्तक आलं आणि त्यात निघालं, की या जीपच्या अगदी पहिल्या खेपेत जाळी खरोखर पट्ट्या जोडून केलेली होती; अखंड पत्र्याची नंतर आली. जगात थोड्याच उरल्यात, असंही त्यात होतं. मी पुस्तक नाचवत तुमच्याकडे धावलो. तुम्ही तूर निवडत होता. ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “पुस्तकात बी तसंच हाये का? मंग पुस्तक बरोबर हाये.”

भाभी, मी त्या दिवशी इतका हसलो, आणि आज ते वाक्य आठवलं की पुस्तक मिटून ठेवतो.

करीमभाई गाडी खोलायचे आणि जोडायचे, पण खोललेला प्रत्येक भाग जायचा तुमच्या घमेल्यात. लग्न होऊन आल्यापासून तुम्ही तेच केलंत. या भागातल्या किती जीपा, किती ट्रक तुमच्या हाताखालून गेले याची गणती नाही. भाग धुवायचा म्हणजे त्याची पाठ, पोट, आतली बाजू, सगळं बघावं लागतं. मिस्त्री नुसतं बसतंय का बघतो, गिऱ्हाईक चकाकतंय का बघतं. घडवणाऱ्याची खूण जिथे असते तिथे फक्त तुमची बोटं पोचायची. हे मला समजायला दोन वर्षं लागली, आणि मी चित्रकलेचा मास्तर. जन्मभर पोरांना सांगत आलो, की आधी वस्तू नीट बघा, मगच पेन्सिल टेकवा.

मग मी वही केली. रविवारी यायचो, तुम्ही धुतलेल्या भागाचं चित्र काढायचो आणि बाजूला तुमचं म्हणणं लिहायचो. तुमचे बोल्ट दोन ताटांत असत. एका ताटात “किल्लीवाले”, दुसऱ्यात साधे. काही बोल्टांच्या डोक्यावर तुम्हाला दोन दातांची किल्ली उमटलेली दिसायची. मी भिंग लावून पाहिलं तर ते इंग्रजी एफ अक्षर होतं. त्या जीपा दोन कारखान्यांत बनत, आणि दुसरा कारखाना आपलं अक्षर बोल्टावरसुद्धा टाकी, हे पुस्तकाने मला सांगितलं. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं. पण किल्लीवाले बोल्ट आपल्या जीपचे नाहीत, मागून कोणीतरी बसवलेले आहेत, हे तुम्ही पुस्तकाच्या आधी ठरवून टाकलं होतं. कारण काय तर, “त्याइच्या खालचा रंग वेगळा हाये.” पुढची आडवी नळी गोल, म्हणून सांगाडा पहिल्या कारखान्याचा. चाकं एकसंध, दोन तुकडे बोल्टने जोडलेली नाहीत, म्हणून आधीची. मागच्या पत्र्यावर डाव्या अंगाला पुट्टीचा जाड थर होता. मी म्हटलं, पोचा आला असेल, भरून काढला असेल. तुम्ही पुट्टीवरून नख फिरवलंत, मग थांबून पुन्हा फिरवलंत. “पोच्याले असे कोपरे नसतेत, मास्तर.” दोन दिवस पुट्टी खरवडली, तेव्हा पत्र्यात ठोकलेलं कारखान्याचं नाव एकेक अक्षर करून वर आलं. करीमभाईसुद्धा बघत राहिले. म्हणाले, “हिले काय माहीत नाई ते विचारा.” तेवढं एकच कौतुक मी त्यांच्या तोंडून ऐकलं. तुम्ही पदर तोंडाला लावून आत गेलात.

वहीच्या प्रत्येक पानावर एकच शब्द आहे. “भाभी म्हणाल्या.” “भाभींच्या मते.” “भाभी म्हणतात हे नंतरचं.”

आपलं भांडण एकदाच झालं, आणि ते मिटलं नाही. वडिलांनी डॅशबोर्डच्या उजव्या अंगाला पत्र्याचा एक डबा ठोकून घेतला होता, पानसुपारीचा. पहिल्या खेपेच्या जीपला तिथे काहीच नव्हतं. झाकणाचा कप्पासुद्धा नंतरच्या जीपांना आला. मी तो डबा कापून काढायला निघालो. तेव्हा करीमभाई जाऊन वर्ष झालं होतं, पडदाही निघाला होता, तुम्ही आणि हाताखालचे दोन कारागीर मिळून वर्कशॉप चालवत होता. तुम्ही डब्यावर हात ठेवलात.

“राहू द्या न. तुमच्या वडलाचा हाये.”

“भाभी, मूळ जीपला तो नव्हता.”

“कारखान्यानं एक दिवस बनवली. तुमच्या वडलानं चाळीस वर्षं चालवली. मंग मूळ कोनतं?”

“प्रदर्शनात असं चालत नाही.”

“मंग कायले विचारता? कापा.”

मी कापला. तुम्ही तो डबा धुवायला घेतला नाहीत, त्याच्याकडे पाहिलंही नाहीत. दोन रविवार माझ्याशी फक्त कामापुरतं बोललात. तेव्हा मला वाटलं, बाईमाणूस आहे, जुन्या वस्तूत जीव अडकतो. आता डॅशबोर्डवरची ती चार भोकं बुजवलेली दिसतात तेव्हा मी त्यांच्यावरून बोट फिरवत तुमचा प्रश्न स्वतःला विचारतो.

आणि मग नागपूर. आता लिहिण्यावाचून इलाज नाही.

जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात आपली जीप उभी होती. परीक्षक म्हणून आलेले एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ खाली वाकून जाळीची मागची बाजू बघू लागले. आयुष्यात पहिल्यांदा तुमच्याशिवाय कोणीतरी मागून बघत होतं. मी त्यांच्या हातात वही दिली. त्यांनी ती उभ्यानेच शेवटपर्यंत चाळली आणि विचारलं, “या भाभी कोण हो?”

“आमच्या मिस्त्रींच्या घरच्या.”

“कमाल आहे. हे सगळं त्यांनी ओळखलंय?” त्यांनी खिशातून पेन काढलं. “आमच्या नोंदीत मूळ भाग कोणी ओळखले याचा रकाना असतो. नाव सांगा त्यांचं.”

भाभी, मी तोंड उघडलं आणि मला तुमचं नाव येईना.

विसरलो नव्हतो. मला ते कधी माहीतच नव्हतं. तेव्हा सोळा वर्षं झाली होती. सोळा वर्षं मी दर रविवारी तुमच्या हातचा चहा प्यायलो, तुमच्या मुलीच्या लग्नात जेवलो, करीमभाईंच्या मातीला गेलो. माझ्या फोनमध्ये तुमचा नंबर “करीम मिस्त्री घर” म्हणून होता. पेन रकान्यावर टेकून ते गृहस्थ वाट बघत होते. नाव माहीत नाही म्हणायला मला लाज वाटली. फोन करून तुम्हालाच विचारायचं, तर त्याहून जास्त वाटली. “करीम मिस्त्रींच्या पत्नी” एवढं लिहून घ्या म्हणता आलं असतं. तेही सुचलं नाही म्हणू की सुचू दिलं नाही म्हणू? मी म्हणालो, “वही माझी आहे. माझंच लिहा.”

त्यांनी वही मिटून मला परत दिली. मग त्यांनी लिहिलं.

दुपारी माइकवर माझं नाव घेतलं. जाळी कशी ओळखली ते सांगा म्हणाले. मी माइक हातात घेऊन सांगितलं, की समोरून सगळं सारखंच दिसतं, वस्तू नेहमी मागून बघावी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुमचं वाक्य होतं, शब्दसुद्धा तुमचे, फक्त मी ते पुस्तकी मराठीत म्हटलं. आणि खोटं कशाला सांगू, टाळ्या वाजत होत्या तेवढा वेळ मला बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तिथे मिळालेलं मानचिन्ह आणि संत्रा बर्फी घेऊन मी तुमच्याकडे आलो. तुम्ही घमेल्यावर बसला होता; रेशनचं रॉकेल बंद झाल्यापासून त्यात डिझेल असायचं आणि त्याने तुमची बोटं फाटायची. मानचिन्ह बघितलंत, हात लावला नाहीत, हात घाण आहेत म्हणालात. मग खाली बघत, कशाला तरी ब्रश घासत विचारलंत, “मास्तर, तठी माह्यं नाव घेतलं का?”

“घेतलं ना.”

ब्रश थांबला. “कोनतं नाव घेतलं?”

“तुमचंच, भाभी. अजून कोणतं?”

तुम्ही वर बघितलंत. मी किती वेळा ती नजर आठवून पाहिली. त्यात राग असता तर सोपं झालं असतं. तुम्ही मला वाट करून दिली होती, भाभी. तेव्हाच म्हणता आलं असतं, की भाभी, मी मूर्ख माणूस आहे, तुमचं नाव सांगा. तुम्ही हसला असता, मला सुनावलं असतंत, आणि मी पुन्हा नागपूरला जाऊन नोंद बदलून आणली असती. एका चहाचा प्रश्न होता. मी बर्फीचा डबा उघडून पुढे केला. तुम्ही एक तुकडा घेतलात आणि म्हणालात, “बरं झालं मंग.”

त्यानंतर माझे रविवार कमी झाले. कधी गुडघे, कधी ऊन, अशी कारणं मी सांगायचो. खरं कारण ती नजर होती. तुमची साखर वाढली, पायाची जखम चिघळली, वर्कशॉप बंद झालं, हे सगळं मला इतरांकडून कळायचं. गेल्या हिवाळ्यात वणीच्या एका कोळसावाल्याने स्वतःसाठी एक जुनी जीप घेतली आणि तिचा एक भाग मला ओळखायला दिला, तो निमित्त म्हणून घेऊन मी आलो. तुम्ही खाटेवर होता. दिसत कमी होतं. भाग हातात घेतला, उलटा केला, आतल्या कडेवर बोट फिरवलं. “हे नंतरचं हाये, मास्तर. आपल्या गाडीचं नोहे.” ‘आपल्या गाडीचं’ म्हणालात. मी आता विचारायचंच असं ठरवून खुर्ची पुढे ओढली, आणि शबाना चहा घेऊन आली. मग तिच्या शाळेच्या गोष्टी निघाल्या. निघताना तुम्ही म्हणालात, “येत जा, मास्तर. काहून येत नाई?” मी म्हटलं, येतो. आलो तो थेट जनाज्यालाच.

खांदा दिला. मातीही दिली. मला वाटलं होतं, निदान तिथे तरी कोणी तुमचं नाव घेईल आणि मला गुपचूप कळेल. सगळे “करीम मिस्त्रींच्या घरून” म्हणत होते.

परवा मी शबानाकडे गेलो. ती सुट्टी काढून घर आवरत होती. मी काय बोलावं याची तयारी करून गेलो होतो, पण तीच आधी बोलली. “सर, तुमचे लय उपकार हायेत. अम्मी मोहल्ल्यात सगळ्याइले सांगत जाय, नागपूरले हजार मानसात माह्यं नाव माइकवर घेतलं. कोनी नवीन आलं की पह्यले हेच सांगे. आजारात बी.”

मी म्हटलं, “शबाना, मी नाव घेतलं नाही.”

तिला कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. रकाना, पेन, माझंच लिहा म्हणालो ते, टाळ्या, बर्फी. आणि शेवटी, ज्या पोरीला मी लहानाची मोठी होताना पाहिलं तिला विचारलं, “बेटा, तुझ्या अम्मीचं नाव काय होतं?”

ती उठली. रडली नाही, ओरडली नाही. समोरचा कप उचलून आत गेली. मला वाटलं, आता ती बाहेर येणार नाही, आपण उठावं. मग ती आली आणि तुमचं आधार कार्ड माझ्यासमोर टेबलावर ठेवलं.

“पाहून घ्या, सर. आन् बरोबर लिहा.”

एवढंच बोलली. मी चष्मा लावून उतरवून घेतलं. मेहरुन्निसा बी शेख करीम. काल नागपूरच्या त्या लोकांना पत्र लिहिलं, झालेला प्रकार जसाच्या तसा सांगितला, नोंदीतून माझं नाव काढा म्हटलं आणि त्या जागी हे लिहा म्हटलं. चित्रकलेच्या मास्तरचं अक्षर, एकेक अक्षर सुटं आणि ठळक काढलं. ते नोंद बदलतील. बदलली की कागद शबानाला नेऊन देईन. तिने दार उघडलं तर.

पत्र टाकून आलो आणि जीपजवळ उभा राहिलो. म्हटलं, आता नाव कळलं आहे तर एकदा तुम्हाला त्या नावाने हाक मारावी. मेहरुन्निसा बी, म्हणून पाहिलं. हलक्या आवाजात म्हटलं, मग जरा मोठ्याने म्हटलं. डोळ्यांसमोर कोणीच येईना. आधार कार्डावरचा तो दचकलेला फोटोसुद्धा येईना. त्या बाईशी मी बावीस वर्षांत एक शब्द बोललो नव्हतो, तिने तरी मला ओ का द्यावी? मी तिथेच जीपच्या चाकाशी बसलो आणि म्हाताऱ्या माणसाने रडू नये तसा रडलो. भाभी, भाभी करत रडलो, कारण मला दुसरं काही येत नाही.